चिन्हमीमांसा व पवनीचे बौद्ध अवशेष

चिन्हाचे स्वरूप, चिन्ह व त्याचा अर्थ यांतील संबंध आणि अर्थग्रहणाचे नियम यांचा विचार करणारे शास्त्र म्हणजे चिन्हमीमांसा. तत्त्वज्ञानाच्या विद्यापीठीय अभ्यासात तिचा संबंध मुख्यत्वे तर्कशास्त्र व भाषेचे तत्त्वज्ञान या शाखांशी येतो. तथापि लेख नसलेल्या वा त्रोटक लेख असलेल्या प्राचीन शिल्पांचा अर्थ लावतानाही तिची गरज भासते. भंडारा जिल्ह्यातील पवनी येथील अवशेष हे याचे उत्तम उदाहरण होय.

आधुनिक चिन्हमीमांसेचा पाया अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स सँडर्स पर्स (१८३९–१९१४) व स्विस भाषाशास्त्रज्ञ फेर्दिनां द सोस्यूर (१८५७–१९१३) यांनी घातला. पर्सने चिन्हांचे तीन प्रकार मानले : साम्यावर आधारलेली प्रतिमा, प्रत्यक्ष संबंधावर आधारलेला निर्देशक आणि रूढीवर आधारलेले प्रतीक. चित्र, धूर व शब्द ही त्यांची अनुक्रमे उदाहरणे होत. सोस्यूरची व्याख्याने १९१६ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झाली. चिन्हाचे मूल्य इतर चिन्हांपासूनच्या भेदाने ठरते, हे त्यांतील मुख्य प्रतिपादन.

हा विचार भारतीय परंपरेला अपरिचित नव्हता. न्यायदर्शनात धूर हे अग्नीच्या अनुमानाचे ‘लिंग’ होय. त्या अनुमानाला व्याप्तीचा आधार लागतो. शब्दार्थसंबंध मीमांसकांनी नित्य, तर नैयायिकांनी सांकेतिक मानला. बौद्ध तत्त्वज्ञ दिङ्‌नाग याच्या अपोहवादानुसार शब्द हा इतरांच्या व्यावृत्तीने अर्थबोध करून देतो. सोस्यूरच्या मताशी याचे साम्य दिसते. मात्र दिङ्‌नागाचा मूळ प्रश्न ज्ञानमीमांसेचा आहे, भाषाव्यवस्थेचा नाही.

पवनी हे वैनगंगेच्या परिसरातील प्राचीन तटबंदीयुक्त नगर. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ (स्थापना १९२३) व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग यांनी तेथे संयुक्त उत्खनन केले. शां. भा. देव व ज. प. जोशी यांनी सिद्ध केलेला त्याचा अहवाल १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९४ मध्ये सर्वेक्षण विभागाने पुन्हा उत्खनन केले. या संशोधनातून स्तूप, दगडी कठड्यांचे भाग आणि ब्राह्मी लिपीतील दानलेख उजेडात आले. जगन्नाथ टेकडी येथील कठड्याच्या एका स्तंभावर (इ. स. पू. दुसरे–पहिले शतक) मुचलिंद नाग कोरलेला आहे, हा स्तंभ नवी दिल्ली येथील राष्ट्रीय संग्रहालयात आहे. बोधिप्राप्तीनंतर ध्यानस्थ बसलेल्या बुद्धावर या नागाने वादळात फणा धरला, अशी कथा आहे. शिल्पात फणा आहे, आसन आहे. परंतु त्यावर बुद्धाची मूर्ती नाही.

हे रिक्त आसन कशाचे चिन्ह मानावे, हा वादाचा विषय आहे. फ्रेंच अभ्यासक आल्फ्रेद फूशे यांच्या काळापासून अशी आसने, बोधिवृक्ष व पदचिन्हे ही बुद्धमूर्तीऐवजी योजलेली प्रतीके मानली गेली. सूझन हंटिंग्टन यांनी १९९० मध्ये या मताला हरकत घेतली. त्यांच्या मते अशा अनेक शिल्पांत पवित्र स्थळे व तेथील पूजाच दाखविलेली आहे. १९९१ मध्ये विद्या दहेजिया यांनी एकच चिन्ह प्रसंगपरत्वे बुद्ध, स्थळ अथवा तत्त्व सूचित करू शकते, असे प्रतिपादन केले. पर्सच्या परिभाषेत सांगावयाचे, तर पहिल्या मतानुसार आसन हे प्रतीक ठरते आणि दुसऱ्या मतानुसार ती पूजास्थानाची प्रतिमा ठरते. दगड तोच राहतो. बदलते ती त्याच्या वाचनामागील व्याप्ती. पवनीच्या शिल्पात नाग कथाप्रसंग सुचवितो, म्हणून केवळ स्थळदर्शनाचा अर्थ येथे अपुरा वाटतो. तथापि त्या प्रसंगाचे स्थळही पूजनीय असू शकते. दानलेख दात्यांची माहिती देतात. चिन्हाचा अर्थ ते सांगत नाहीत. त्यामुळे दहेजिया यांचे मत येथे अधिक ग्राह्य ठरते.

चिन्हांचे अर्थ समाजाबरोबरही बदलतात. भंडारा लोकसभा मतदारसंघातून १९५४ च्या पोटनिवडणुकीत पराभूत झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे आपल्या असंख्य अनुयायांसह बौद्ध धर्म स्वीकारला. त्यामुळे विदर्भात स्तूप, चक्र व बोधिवृक्ष ही केवळ पुरातत्त्वाची चिन्हे राहिली नाहीत. ती एका मोठ्या समाजाच्या आत्मसन्मानाची चिन्हे झाली. पवनीच्या अभ्यासकाला प्राचीन संकेत व हा नवा संकेत यांतील भेद जपावा लागतो; परंतु अर्थग्रहणाचा प्रश्न दोहोंच्या बाबतीत सारखाच खरा आहे.