बॅकवॉटर, मागास आणि फुगवटा

पवनीजवळ गोसेखुर्दचं धरण झालं आणि भंडारा जिल्ह्यात एक शब्द रुळला : बॅकवॉटर. ‘बॅकवॉटरचं पाणी वावरात आलं’ असं म्हणताना आपण पाणी दोनदा म्हणतो, याची कुणाला फिकीर नसते.

इंग्रजीत हा शब्द चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून आहे. अर्थ सरळ : बंधाऱ्यामागे अडलेलं पाणी. पुढे नदीकडेच्या, प्रवाह न पोचणाऱ्या संथ पाण्यालाही तेच नाव पडलं आणि एकोणिसाव्या शतकात ते गावांना चिकटलं. जगाची हालचाल जिथे पोचत नाही, ते गाव बॅकवॉटर. केरळच्या पर्यटनाने मात्र याच शब्दाला हाउसबोटीत बसवून मान मिळवून दिला.

मराठीने उचलला तो मूळचा, बंधाऱ्याचा अर्थ. हिणवायला आपल्याकडे ‘आडगाव’ होतंच, शिवाय ‘मागास’ही. ‘मागास’ आला ‘मागे’वरून आणि ‘मागे’च्या मुळाशी आहे ‘मार्ग’. संस्कृत मार्ग, प्राकृत मग्ग, मराठी माग. म्हणजे वाटेवर उमटलेली पावलांची खूण. तेव्हा मागास गाव निदान वाटेवर तरी असतं. इंग्रजी बॅकवॉटरला वाटच नसते.

गोसेखुर्दला यातलं काहीच नीट बसत नाही. फारसी ‘खुर्द’ म्हणजे लहान. या ‘लहान’ गावाच्या नावाने वैनगंगेवर उभं राहिलेलं धरण मात्र अवाढव्य. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला. शेजारच्या पवनीत १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष निघाले. तेव्हा हा मुलूख जगाला अनोळखी नव्हता. आजही इथलं साचलेलं पाणी जगापासून तुटलेलं नाही. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला मिळतं आणि इथे येऊन थांबतं.

पाटबंधारे खात्याच्या कागदांत या पाण्याला ‘फुगवटा’ म्हणतात. मला हा शब्द जास्त खरा वाटतो. धरणाच्या भिंतीवर उभं राहून पाहिलं, की पाणी मागे दिसतं, ते बॅकवॉटर. बांधावरून पाहिलं, की ते फुगत फुगत जवळ येतं. ज्याचं वावर बुडालं, त्याने ते समोरून येताना पाहिलं आहे.