रक्तदाबाचें औषध व त्यामागची देखरेख

रोगांचा इतिहास सांगतांना औषधाच्या शोधापाशीं कथा संपविण्याची आपल्याकडे चाल आहे. अमक्या सालीं अमक्यानें अमुक औषध शोधून काढलें आणि रोग हटला! परंतु कांहीं विकार असे आहेत कीं, त्यांची खरी कथा औषध सुरू झाल्यावरच सुरू होते. वाढलेला रक्तदाब हा त्यांतील प्रमुख होय. म्हणून आज त्याच्या औषधाबरोबरच त्या औषधामागून चालणाऱ्या देखरेखीचा इतिहास मी आपल्यापुढें मांडणार आहें.

देखरेखीची ही शिस्त रक्तदाबाच्या औषधाहून जुनी आहे, आणि तिचें एक परिचित स्थान म्हणजे सातारा जिल्ह्यांतील पांचगणी. सुमारें सव्वाचार हजार फूट उंचीवरील या गांवीं डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनीं १९१२ सालीं क्षयरोग्यांसाठीं ‘बेल-एअर’ हें आरोग्यधाम स्थापन केलें. त्या वेळीं क्षयावर नेमकें औषध नव्हतें. स्ट्रेप्टोमायसिन सांपडलें तें १९४३ सालीं. मग अशीं आरोग्यधामें रोग्याला देत तरी काय होतीं? स्वच्छ हवा, सकस अन्न व विश्रांति. आणि या तिहींच्या जोडीला नोंद. ठराविक वेळीं ताप पाहावयाचा, ठराविक दिवशीं वजन करावयाचें, आणि तें कागदावर मांडून रोग्याची प्रकृति सुधारत आहे कीं ढासळत आहे हें ठरवावयाचें, अशी त्या काळच्या आरोग्यधामांची सर्वत्र रीत होती. औषध नव्हतें, तरी देखरेख होती.

रक्तदाबाच्या बाबतींतहि मोजण्याचें साधन आधीं आलें, औषध मागाहून. इटलींतील रिव्हा-रोची यानें १८९६ सालीं दंडावर पट्टा आवळून पाऱ्यानें दाब मोजला. रशियांतील कोरोत्कोव्ह यानें १९०५ सालीं नळीनें नाडीचा ध्वनि ऐकून वरचा व खालचा असे दोन्ही आंकडे घेण्याची युक्ति सांगितली. आंकडा कळूं लागला, पण तो उतरविण्याचा खात्रीचा इलाज नव्हता. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा दाब सारखा चढत असलेला त्यांचे डॉक्टर पाहत होते. १२ एप्रिल १९४५ रोजीं मेंदूंतील रक्तस्रावानें त्यांचा अंत झाला.

इलाजाचा एक धागा आपल्याच देशांत होता. सर्पगंधा ही वनस्पति वैद्यांना पूर्वींपासून ठाऊक होती. कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं १९३१ सालीं उन्माद व रक्तदाब यांवरील तिचा गुण प्रसिद्ध केला. परंतु जगाचें लक्ष तिकडे वेधलें तें मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं. १९४९ सालीं ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्यें त्यांनीं पन्नास रोग्यांचा वृत्तांत दिला. ‘औषध दिलें व गुण आला’ एवढेंच लिहून ते थांबले नाहींत. औषधापूर्वींचा दाब कोणता, चार आठवड्यांनंतरचा कोणता, हें त्यांनीं मोजून दाखविलें. शेंकडा ८५ रोग्यांचा वरचा दाब उतरला होता. पुढें १९५७ सालीं त्यांना अमेरिकेचें लास्कर पारितोषिक मिळालें.

सर्पगंधेंतून १९५२ सालीं रिसर्पिन हें द्रव्य वेगळें काढण्यांत आलें व तें सर्वत्र वापरांत आलें. मग कांहीं वर्षांतच, विशेषतः मोठ्या मात्रेंत तें घेणारे कांहीं रोगी खिन्न व उदास होतात, अशीं वृत्तें येऊं लागलीं. दाबाचा आंकडा तर उत्तम, पण माणूस मलूल! केवळ पारा पाहणाऱ्याला ही गोष्ट दिसली नसती; रोग्याला पुन्हा बोलावून त्याचें ऐकून घेणाऱ्यालाच ती दिसली.

याच रिसर्पिनसह तीन औषधें देऊन अमेरिकेंत निवृत्त सैनिकांवर एडवर्ड फ्राइस यांनीं मोठी परीक्षा केली. प्रथम रोग्यांना निरुपद्रवी गोळ्या देऊन त्यांत रिबोफ्लेविन मिसळलें, व लघवींतील त्याची चमक पाहून गोळ्या खरोखर घेतल्या जातात कीं नाहीं हें पडताळलें. नियमित न येणारे वगळले गेले. १९६७ सालीं निष्कर्ष आले, तेव्हां फार चढलेला दाब औषधानें उतरविल्यास प्राण वाचतात हें निर्विवाद ठरलें. परंतु तें यश नियमानें गोळी घेणाऱ्यांचें व नियमानें तपासून घेणाऱ्यांचें होतें, हें विसरूं नये.

आतां पुन्हा साताऱ्याकडे वळूं. २०१७ सालीं आरंभिलेल्या भारतीय रक्तदाब-नियंत्रण उपक्रमांत महाराष्ट्रांतील जे जिल्हे प्रथम निवडले गेले, त्यांत सातारा होता. त्याची घडण साधी आहे: ठरलेलीं थोडीं औषधें, एका वेळीं महिन्याच्या गोळ्या, प्रत्येक भेटीचा आंकडा नोंदलेला, आणि जो आला नाहीं त्याला पुन्हा बोलावणें. आरोग्यधामांतील तापाच्या तक्त्याचाच हा वंशज नव्हे काय?

या इतिहासाचें तात्पर्य गृहस्थाश्रमी माणसाला उपयोगी पडावें. औषध सुरू झाल्यावर महिन्याच्या आंत, अथवा डॉक्टर सांगतील तेव्हां, दाब पुन्हा मोजवावा. सामान्यतः तो १४०/९० च्या खालीं आणावयाचा असतो. मोजण्यापूर्वीं पांच मिनिटें स्वस्थ बसावें. अर्धा तास आधीं चहा-तंबाखू वर्ज्य करावी. कांहीं औषधांनीं रक्तांतील पोटॅशियम व मूत्रपिंडाचें कार्य यांत फरक पडतो, म्हणून सांगितलेली रक्ततपासणी टाळूं नये. उठतांना भोवळ, घोट्याला सूज, कोरडा खोकला अथवा मनाची उदासी जाणवल्यास ती सांगावी. मनानेंच औषध सोडूं नये, कारण कांहीं औषधें एकाएकीं सोडल्यास दाब उसळतो.

क्षयाचा रोगी तापानें व खोकल्यानें सावध होई. रक्तदाब बहुधा कांहींच बोलत नाहीं. आणि दाब उतरलेला पाहून ‘आतां बरा झालों’ असें वाटतें, त्याच दिवशीं गोळी सुटते. त्या दिवशींचा उतरलेला आंकडा रोग गेल्याची खूण नसून औषध काम करीत असल्याची खूण आहे, एवढें घरांतील प्रत्येकानें ध्यानीं धरलें, तर अर्धांगवायूचे कित्येक आघात दारांतूनच परततील.