वायोंतचा धडा : भूशास्त्रज्ञाचे ज्ञान आणि उत्तरदायित्व



वैद्याने व वकिलाने कसे वागावे, याचा विचार समाजाने शतकानुशतके केला आहे. भूशास्त्रज्ञाच्या नीतिधर्माचा विचार मात्र त्यामानाने अलीकडचा. त्याचे एक कारण उघड आहे. वैद्यासमोर रुग्ण असतो, भूशास्त्रज्ञासमोर खडक. ज्यांचे प्राण त्याच्या अहवालावर अवलंबून असतात ती माणसे बहुधा त्याच्या दृष्टीसही पडत नाहीत; दृष्टीस पडतो तो अहवाल मागविणारा आणि त्याचे मोल देणारा. या दोहोंपैकी भूशास्त्रज्ञ कोणाला बांधलेला आहे, हा प्रश्न इटलीतील वायोंतच्या दरीत अतिशय कठोरपणे उभा राहिला.

उत्तर इटलीत प्यावे नदीला मिळणाऱ्या वायोंत या लहानशा नदीवर ‘सादे’ नावाच्या वीज कंपनीने १९५७ ते १९६० या काळात सुमारे २६२ मीटर उंचीचे कमानी धरण बांधले. आपल्या प्रकारच्या धरणांत ते त्या वेळी जगात सर्वांत उंच होते. त्याचे शिल्पकार कार्लो सेमेन्झा हे नामांकित अभियंते. जलाशयाच्या दक्षिणेस तोक नावाचा डोंगर होता. त्याच्या उतारांवर एर्तो परिसरातील लोकांची कुरणे, शेते व घरे होती आणि त्या उतारांविषयी त्यांच्या मनात जुनी धास्ती होती.

कार्लो यांचे पुत्र एदोआर्दो सेमेन्झा हे तरुण भूशास्त्रज्ञ. १९५९ साली डोंगर पायाखाली घालताना, तोकचा उतार म्हणजे प्राचीन काळी घसरून विसावलेला एक प्रचंड भूखंड आहे, हे त्यांच्या ध्यानी आले. १९६० साली सहकारी फ्रांको जुदिची यांच्यासह त्यांनी तसा अहवाल दिला. ज्येष्ठ तज्ज्ञांना तो पटला नाही. पुढे ४ नोव्हेंबर १९६० रोजी सुमारे ७ लाख घनमीटर माती-दगड जलाशयात कोसळले आणि उतारावर सुमारे २ किलोमीटर लांबीची भेग उघडी पडली. १९६१ च्या आरंभी ऑस्ट्रियाचे शिलायांत्रिकीतज्ज्ञ लेओपोल्ड म्युलर यांनी सरकणाऱ्या भागाचा अंदाज सुमारे २० कोटी घनमीटर इतका दिला.

म्हणजे ज्ञानाची उणीव होती असे म्हणता येत नाही. उणीव पडली ती ज्ञानाच्या विनियोगात. पाद्वा विद्यापीठाच्या तज्ज्ञांनी जलाशयाची प्रतिकृती करून, डोंगराच्या जागी खडी घसरवून प्रयोग केले आणि १९६२ साली ७०० मीटरची जलपातळी सुरक्षित असल्याचा निष्कर्ष दिला. अखंड शिलाखंड खडीसारखा वागेलच असे नाही, ही शंका त्या आकड्याच्या आश्वासकतेपुढे मागे पडली. दुसरीकडे, तीना मेर्लिन या पत्रकार स्त्रीने ‘लुनिता’ या दैनिकातून एर्तोवासीयांची भीती जाहीरपणे मांडली. तेव्हा खोट्या वार्ता पसरविल्याबद्दल तिच्यावर खटला भरण्यात आला. १९६० साली ती निर्दोष सुटली, परंतु तिच्या लिखाणाची दखल कोणी घेतली नाही.

सप्टेंबर १९६३ मध्ये पाणी ७१० मीटरच्या आसपास चढविले गेले. उताराची हालचाल वाढत जाऊन अखेरच्या दिवसांत दिवसाला २० सेंटिमीटरवर पोचली. पाणी घाईने उतरविण्यास आरंभ झाला. ८ ऑक्टोबरला तोकच्या उतारावरील लोकांना हलविण्याचा आदेशही निघाला. धरणाखालच्या लोन्गारोने गावाला मात्र कोणी सावध केले नाही. ९ ऑक्टोबर १९६३ च्या रात्री १० वाजून ३९ मिनिटांनी सुमारे २७ कोटी घनमीटरचा भूखंड मिनिटभराच्या आत जलाशयात उतरला. धरणावरून उसळलेल्या पाण्याने लोन्गारोने व भोवतीच्या वस्त्या धुऊन नेल्या. सुमारे २,००० माणसे मृत्युमुखी पडली.

धरण उभेच राहिले. आजही ते तेथे उभे आहे. काँक्रीटचे गणित बरोबर होते. डोंगराने दिलेली साक्ष ऐकून घेतली गेली नव्हती, एवढेच. पुढे खटला लाक्विला शहरात चालला आणि १९७१ साली इटलीच्या सर्वोच्च न्यायपीठाने, भूस्खलनाची पूर्वकल्पना येणे शक्य होते असे मानून दोघांना दोषी ठरविले.

त्याच लाक्विला शहरात ६ एप्रिल २००९ रोजी भूकंप होऊन ३०९ माणसे दगावली. त्यापूर्वी काही महिने धक्के बसत होते. ३१ मार्चला तज्ज्ञांची बैठक झाली. छोट्या धक्क्यांनी ऊर्जा बाहेर पडत आहे, म्हणजे परिस्थिती अनुकूल आहे, असे एका अधिकाऱ्याने दूरचित्रवाणीवर सांगितले. शास्त्राला हे विधान मान्य नव्हते. २०१२ साली सहा शास्त्रज्ञ-तज्ज्ञ व तो अधिकारी अशा सातजणांना प्रत्येकी सहा वर्षांची शिक्षा झाली. २०१४ साली सहाजण निर्दोष सुटले, अधिकाऱ्याची शिक्षा दोन वर्षांवर आली आणि २०१५ साली हाच निर्णय कायम झाला. भूकंपाचे भाकीत केले नाही म्हणून कोणी अपराधी ठरत नाही, हे योग्यच. परंतु जे माहीत नाही त्याविषयी निश्चिंततेचा शब्द देणे हाही एक दोष आहे.

हा दोष इटलीपुरता नाही. दख्खनचे पठार भूकंपाच्या दृष्टीने स्थिर आहे, अशी आपल्याकडेही दृढ समजूत होती. कोयनेच्या जलाशयात पाणी साठू लागल्यावर त्या परिसरात धक्के जाणवू लागले आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेच्या भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त केले. त्यानंतर आपल्या शास्त्रज्ञांनी तेथे अनेक दशके चिकाटीने निरीक्षणे केली आणि जलाशयामुळे उद्भवणाऱ्या भूकंपांच्या अभ्यासात कोयनेचे नाव जगभर पोचले. जुनी समजूत चुकली, हे मोकळेपणी मांडूनच हे ज्ञान वाढले.

२०१६ साली ‘केपटाऊन निवेदना’च्या रूपाने भू-नीतीची तत्त्वे शब्दबद्ध झाली. पण नियमावली तरुण एदोआर्दोच्या हाती नव्हती; तरीही त्याने दिसले ते लिहिले. अहवाल लिहून कर्तव्याचा अर्धाच भाग पुरा होतो. धोक्याच्या छायेत राहणाऱ्यांना समजेल अशा भाषेत तो त्यांच्यापर्यंत पोचविणे आणि आपल्या ज्ञानाची सीमाही त्यांना सांगणे, हा उरलेला अर्धा. या शाळेतून उद्या कोणी खाणीवर, धरणावर वा बोगद्यावर तज्ज्ञ म्हणून जाईल. नकाशावर सही करण्यापूर्वी त्याने उताराखालच्या गावात एकदा जाऊन यावे, एवढीच माझी विनंती आहे.