पाच अक्षरांची परीक्षा

विजयदुर्गाच्या किल्ल्यातील ज्या चौथऱ्यांना गावकरी ‘साहेबाचे कट्टे’ म्हणतात, ते आम्ही प्रथम पाहिले 2004 साली. 22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी नॉर्मन लॉकियर आपली उपकरणे घेऊन येथे आला होता. हेलियमचा शोध 1868 साली याच कट्ट्यांवर लागला, असे गावात सांगतात. त्या वर्षीच्या ग्रहणाच्या वेळी लॉकियर इंग्लंडातच होता, पण दंतकथा इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही म्हणून टाकाऊ ठरते, असे आम्ही मानत नाही. गावातील चार-पाच वृद्धांकडून ऐकलेले आम्ही टिपून घेतले आणि परतल्यावर संगणकावर उतरवले. चाळीसेक पाने झाली. सांगणाऱ्यांपैकी आज कोणीही हयात नाही.

गेल्या वर्षी ती फाईल उघडली, तर पानभर रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे! त्या काळी मराठीसाठी वापरात असलेले बहुतेक फाँट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे बसवीत. म्हणजे फाईलमध्ये मराठी कधी नव्हतेच, ते फाँटमध्ये होते. आणि फाँट जुन्या संगणकाबरोबर भंगारात गेला होता. छापील पाने तीनच सापडली.

घरात 2009 साली घेतलेला दहा इंची लॅपटॉप पडून होता. 32-बिट प्रोसेसर, एक जीबी रॅम. त्यावर ही पाने वाचती करावीत आणि तोच पिशवीत घालून विजयदुर्गास न्यावा, असे ठरले. नवी विंडोज त्याला पेलणार नव्हती, उरले लिनक्स. पण कोणते? लिनस टॉरवाल्ड्सने 1991 साली लिहिला तो केवळ गाभा. त्याभोवती बाकीची सामग्री रचून प्रत्येक संपादकाने आपापली आवृत्ती काढली. स्लॅकवेअर आणि डेबियन 1993 मधली. एकाच संहितेच्या अनेक पाठपरंपरा असाव्यात, तसा हा प्रकार आहे आणि साहित्याच्या विद्यार्थ्याला तो परका वाटू नये. 2000 साली आलेल्या नॉपिक्सने डिस्कला धक्का न लावता नुसत्या सीडीवरून प्रणाली चालवून पाहण्याची सोय रुळवली. आज सीडीची जागा पेनड्राइव्हने घेतली आहे, इतकेच.

जाणकार मित्र वेगाच्या गोष्टी सांगत होते. आम्ही मात्र प्रत्येक वितरणाची एकच परीक्षा घेतली: ‘विजयदुर्ग’ हा शब्द लिहायचा. पाचच अक्षरे, पण पहिले आणि शेवटचे अक्षर कसोटी पाहणारे. ‘वि’मधील वेलांटी उच्चारात व-नंतर येते, कागदावर मात्र व-च्या आधी. ‘र्ग’मधील र उच्चारात आधी, लिहिताना ग-च्या डोक्यावर. जुने फाँट डोळ्यांना दिसेल त्या क्रमाने साठवीत. युनिकोड उच्चाराच्या क्रमाने साठवते आणि मांडणीचे काम दुसऱ्यावर सोपवते. देवनागरीसह युनिकोडची पहिली आवृत्ती आणि इस्कीचे प्रमाणक हे दोन्ही लिनक्सच्याच वर्षीचे, 1991 चे. तरी लिनक्सच्या पडद्यावर ही मांडणी रुळू लागली ती 2002 च्या सुमारास, पँगो या मांडणीकारामुळे. (‘पॅन’ म्हणजे ग्रीकमध्ये सर्व, ‘गो’ म्हणजे जपानीत भाषा. त्याच्या आजच्या वारसाचे नाव हार्फबझ, हे फारसी. त्यातला ‘हर्फ’ म्हणजे आपला हरफच.)

पहिल्या वितरणाने पाच अक्षरांऐवजी रिकाम्या चौकटी दाखवल्या. दुसऱ्यात लेखनाच्या खिडकीत शब्द नीट उमटला, टर्मिनलमध्ये मात्र वेलांटी विस्कटली. शिवाय मोठी वितरणे 32-बिट यंत्रांचा हात सोडत चालली आहेत: उबुंटूने 2019 मध्ये, डेबियनच्या तेराव्या आवृत्तीने 2025 मध्ये. अखेर डेबियनच्या बाराव्या आवृत्तीवर आधारलेले अँटीएक्स घेतले, त्यात रेड हॅटने 2004 साली खुला केलेला लोहित फाँट घातला आणि इन्स्क्रिप्ट कळफलक लावला. ‘विजयदुर्ग’ उमटले. लगोलग ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ लिहून पाहिले. समुद्र समुद्र राहिला, डोंगरातल्या दऱ्या दऱ्याच राहिल्या.

मग रूपांतर. छापील तीन पाने समोर ठेवून चिन्हांचे कोष्टक केले. नुसते चिन्हाला चिन्ह बदलले, तेव्हा ‘िवजयदुगर्’ असे ध्यान निघाले, कारण जुन्या फाईलमध्ये वेलांटी व-च्या आधी आणि रफार ग-च्या मागे बसलेला होता. वेलांट्या पुढून मागे आणि रफार मागून पुढे नेणारे नियम लिहिण्यात दोन आठवडे गेले. पाने वाचता येऊ लागली. फक्त एक वाक्य अडले: ‘साहेबाची तहा बघायला गाव लोटला.’ हे एखाद्या उपकरणाचे मालवणी नाव असावे, असा तर्क आम्ही केला आणि तशी तळटीपही लिहिली.

दिवाळीच्या सुट्टीत लॅपटॉप घेऊन विजयदुर्गास गेलो. ज्यांनी हे सांगितले होते त्यांच्या लेकीला ओसरीवर बसून वाचून दाखवले. ती त्या वाक्याशी थांबवून म्हणाली, “तहा नाय ओ, तऱ्हा!” आमच्या तीन छापील पानांत अर्धा र कोठेच आलेला नव्हता, म्हणून तो कोष्टकात नव्हता आणि रूपांतरात गळून गेला होता. तळटीप खोडली आणि तिच्यासमोरच ऱ टंकला.