'सामान्य पाऊस' म्हणजे किती?

हसनाबादला बोलायचं तर 'नॉर्मल' हा शब्द आपण पावसावरूनच तपासू.

लॅटिनमध्ये 'नॉर्मा' म्हणजे सुताराचा गुण्या. गुण्याला लागेल ते नॉर्मल, म्हणजे जसं असायला हवं तसं. १८३५ मध्ये बेल्जियमच्या केतले यांनी 'सरासरी माणूस' ही कल्पना मांडली. त्यांच्या लेखी सरासरी हाच आदर्श, आणि त्यापासूनचा फरक म्हणजे चूक. १८७० च्या दशकात गाल्टन वगैरे मंडळी चुकांच्या घंटाकृती वक्राला 'नॉर्मल' म्हणू लागली. त्याच दशकात, १८७५ साली, आपलं हवामान खातं स्थापन झालं.

हे खातं देशातल्या ९६ ते १०४ टक्के मोसमी पावसाला 'सामान्य' म्हणतं. टक्के कशाचे? पन्नास वर्षांच्या सरासरीचे. १९६१-२०१० ची सरासरी ८८ सेंटिमीटर होती. १९७१-२०२० ची ८७. म्हणजे गुण्याच सरकतो!

आता समजा, आपल्याकडे एका वर्षी ४०० मिलिमीटर पडला, दुसऱ्या वर्षी १०००. सरासरी ७००, पण ७०० चं वर्ष आलंच नाही. जुलै कोरडा जाऊन सोयाबीन करपलं आणि सप्टेंबरात धो धो कोसळला, तरी बेरीज 'सामान्य'च.

जुन्या पैसेवारीने निदान आभाळाऐवजी पीक पाहिलं: ५० पैशांच्या आत आली की टंचाई. पण तिलाही 'प्रमाण उत्पन्न' लागतंच, आणि मदत मिळणार की नाही हे तेव्हा त्यावर ठरायचं.

सरासरी काय घडलं ते सांगते; किती पुरेसं, ते नाही. म्हणून 'यंदा नॉर्मल' ऐकलं की आपण विचारायचं: कुठल्या वर्षांची, कुठल्या गावांची सरासरी? आणि कुठल्या पिकासाठी?