दत्तक बाळाला अंगावर पाजताना...

मूल पोटी जन्मलेले नसले, तरी त्याला अंगावर पाजणे शक्य असते. गर्भारपण व प्रसूतीविना स्तनांत दूध आणण्याच्या प्रक्रियेस ‘इंड्यूस्ड लॅक्टेशन’ म्हणजे प्रवर्तित स्तन्यनिर्मिती म्हणतात. या प्रयत्नात आईच्या प्रकृतीची आबाळ होऊ नये आणि बाळ अर्धपोटी राहू नये, या दोन गोष्टी सर्वांत महत्त्वाच्या होत.

दूध कसे येते?

स्तनाग्रे चोखली गेल्यावर मेंदूतील पीयूषिका ग्रंथीतून प्रोलॅक्टिन हे संप्रेरक स्रवते व दूध तयार होते. ऑक्सिटोसिनमुळे ते बाहेर येते. बाळ घरी येण्यापूर्वी हे काम हाताने किंवा ब्रेस्ट पंपाने करावे लागते. दिवसातून दोन-तीन वेळांपासून आरंभ करून ती संख्या हळूहळू आठापर्यंत न्यावी. पहिले थेंब दिसण्यास बहुधा काही आठवडे लागतात. बाळाची पूर्ण गरज भागेल इतके दूध फार थोड्या स्त्रियांना येते.

दिनक्रम

प्रत्येक वेळी १५ मिनिटे धरली, तरी आठ वेळांचे दोन तास होतात. नोकरदार स्त्रीने सकाळी, दुपारच्या सुटीत व घरी परतल्यावर अशा वेळा ठरवाव्यात. रात्री एकदाच उठावे. पंप धुणे, उकळणे ही कामे पतीने किंवा घरातील अन्य व्यक्तीने उचलावीत. तीन महिन्यांहून लहान मूल दत्तक घेणाऱ्या मातेसाठी १२ आठवड्यांच्या रजेची तरतूद २०१७ मध्ये कायद्यात झाली. रजेचे प्रचलित नियम कार्यालयात आधीच विचारून ठेवावेत.

आहार

भाकरी, डाळी, उसळी, पालेभाज्या, दूध-दही, फळे असा चौरस आहार व तहानेप्रमाणे पाणी पुरेसे असते. अळीव, मेथी, शतावरी यांनी दूध वाढते, असा समज रूढ असला, तरी त्याला भक्कम शास्त्रीय आधार नाही. मेथीने रक्तातील साखर उतरू शकते, हे मधुमेहींनी ध्यानात ठेवावे. डिंकाच्या लाडवांचा मारा केल्यास केवळ वजन वाढते.

औषधे

डॉम्पेरिडोन हे उलटीवरील औषध दूध वाढविण्यासाठीही दिले जाते. त्याने हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका असल्याने अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये अशा वापराविरुद्ध इशारा दिला. काही प्रतिजैविकांबरोबर हा धोका वाढतो. काही वेळा दिल्या जाणाऱ्या इस्ट्रोजेनयुक्त गोळ्यांनी रक्तात गुठळ्या होण्याची शक्यता असते. म्हणून तपासणीविना कोणतेही औषध घेऊ नये व चालू असलेले एकाएकी थांबवू नये. स्तन लाल होऊन दुखू लागल्यास व ताप आल्यास त्वरित डॉक्टरांना दाखवावे.

बाळाचे पोट

भारतात पालकांनी सोपविलेल्या मुलाबाबत फेरविचारासाठी ६० दिवसांची मुदत असते. त्यामुळे दत्तक बाळ घरी येते, तेव्हा बहुधा काही महिन्यांचे असते आणि त्याला बाटलीची सवय झालेली असते. ते स्तन नाकारते, तेव्हा बळजबरी करू नये. उघड्या अंगाशी धरावे, झोपाळलेले असताना पाजून पाहावे. स्तनालगत बारीक नळी चिकटवून तिच्यातून वरचे दूध दिल्यास चोखण्याची गोडी लागते. वरचे दूध वाटी-चमच्याने किंवा बोंडल्यानेही देता येते. ते बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय कमी करू नये. दिवसातून सहा किंवा अधिक वेळा लघवी होणे व वजन वाढीच्या तक्त्यानुसार वाढणे, या पोट भरत असल्याच्या खुणा होत.

मनाची तयारी

‘दूध आले का?’ या नातेवाइकांच्या प्रश्नाने ताण वाढतो. सतत रडू येणे, झोप उडणे, बाळापासून दूर राहावेसे वाटणे अशी लक्षणे दिसल्यास वैद्यकीय मदत घ्यावी. प्रयत्न थांबवावासा वाटला, तर पंपाच्या वेळा हळूहळू कमी कराव्यात. त्यात अपयश मानण्याचे कारण नाही. दूध दोन चमचे आले वा मुळीच आले नाही, तरी कुशीतली ऊब बाळाला मिळतेच.