पासवर्ड बरोबर, तरी पुश का अडतो?

भंडाऱ्यातून बोलतोय. आजचा विषय म्हणजे ती लाल ओळ: 'अनऑथराइज्ड: ऑथेंटिकेशन रिक्वायर्ड'. बिल्ड झालं, टेस्ट पास झाल्या आणि इमेज रजिस्ट्रीवर पुश करताना पाइपलाइन अडली. बरेच जण लगेच पासवर्ड बदलतात. पण ही ओळ आली कुठून ते कळलं की दुरुस्ती लवकर सापडते.

मार्च 2013 मध्ये अमेरिकेतल्या पायकॉन परिषदेत सोलोमन हाइक्स यांनी डॉकर पहिल्यांदा दाखवलं. पुढच्या वर्षी डॉकर हब आलं. 'डॉकर लॉगिन' केलं की नाव-पासवर्ड एका कॉन्फिग फाइलमध्ये जाऊन बसायचे, बेस-64 मध्ये. आता बेस-64 म्हणजे कुलूप नाही बरं का, नुसती वेगळी लिपी. कोणीही एका कमांडने उलटं वाचतो. स्वतःच्या लॅपटॉपवर चालून जायचं, पण बिल्ड सर्व्हरवर तीच फाइल सगळ्या जॉब्सच्या हाताशी!

एप्रिल 2015 मध्ये डॉकर 1.6 सोबत नवी रजिस्ट्री आली आणि पद्धत बदलली. आता रजिस्ट्री आधी 401 देते आणि सोबत सांगते: अमुक सर्व्हरकडून, अमुक रिपॉझिटरीचं, पुशचं टोकन घेऊन ये. क्लायंट ते थोड्या वेळाचं टोकन आणतो, मग दार उघडतं.

आपल्या नागझिऱ्याच्या सफारीचं परमिट आठवा. पिटेझरी गेटचं, सकाळच्या फेरीचं परमिट घेऊन दुपारी चोरखमारा गेटवर गेलात तर? ओळखपत्र खरं, पैसे भरलेले, तरी जिप्सी आत जाणार नाही.

पुशचंही तसंच. 'डिनाइड' आलं तर आधी टॅग बघा. डॉकर हबवर इमेजच्या नावापुढे स्वतःचं युजरनेम नसेल तर पुश डॉकरच्या अधिकृत इमेजेसच्या जागेत जायला बघतो, आणि तिथे तुम्हाला कोण घेणार? वेळेचा प्रश्न अॅमेझॉनच्या इसीआरवर येतो. तिथलं टोकन 12 तास चालतं. जून 2016 पासून अॅमेझॉनचा मुंबई रीजन आहे. लॉगिन मुंबईच्या पत्त्यावर आणि टॅगमध्ये सिंगापूरचा पत्ता असेल, तर 'नो बेसिक ऑथ क्रेडेन्शियल्स' येणारच.

एवढा ताप कशासाठी, असं वाटत असेल तर एप्रिल 2019 आठवा. डॉकर हबच्या एका डेटाबेसमध्ये घुसखोरी झाली, सुमारे 1,90,000 खात्यांची माहिती धोक्यात आली. त्यात काहींची गिटहब आणि बिटबकेटची टोकनंही होती. म्हणजे इमेज राहू द्या, मूळ कोडपर्यंत वाट! माझ्या मते, पाइपलाइनमध्ये कायमचा पासवर्ड ठेवू नये याचं याहून मोठं कारण नको. त्याच वर्षी डॉकर हबने पासवर्डऐवजी वापरायची, हवी तेव्हा रद्द करता येणारी अॅक्सेस टोकनं दिली. 2021 मध्ये गिटहब अॅक्शन्सला ओआयडीसी आलं: जॉब सुरू झाला की क्लाउडकडून तेवढ्यापुरतं टोकन मिळतं, साठवायचं गुपितच उरत नाही.

फेब्रुवारी 2023 पासून गिटहबने नव्या रिपॉझिटरींमध्ये जॉबच्या टोकनला डीफॉल्टने फक्त वाचायची परवानगी ठेवली. म्हणून जुन्या प्रोजेक्टमधून जशीच्या तशी उचललेली यामल फाइल नव्या ठिकाणी लॉगिन करते, पण गिटहबच्याच रजिस्ट्रीवर पुश करताना 'डिनाइड' खाते. परमिशन्समध्ये 'पॅकेजेस: राइट' ही ओळ टाका, 'कंटेंट्स: रीड' सोबत ठेवा आणि जॉब पुन्हा चालवा.